धनिकांचें ऋण : एका वचनाचा कर्ता आणि त्याचा प्रवास

एकाचें वचन दुसऱ्याच्या नांवावर चालणें, हा जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. भर्तृहरि व चाणक्य यांच्या नांवावर परक्यांचीं किती सुभाषितें जमा झालीं आहेत, याची गणती करणेंहि कठीण. ख्रिस्ती वाङ्मयांत असाच एक प्रकार घडलेला आहे, आणि ज्या वचनाच्या बाबतींत तो घडला तें क्षुल्लक नाहीं. धनिकानें गरिबास जें द्यावयाचें तें दया म्हणून कीं देणें म्हणून, हा त्यांतील मुद्दा आहे. त्या वचनाचा माग काढण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

टॉमस अक्विनस या तेराव्या शतकांतील थोर ख्रिस्ती पंडितानें आपल्या 'सुम्मा' या ग्रंथांत (इ. स. १२६५–१२७४) असा प्रश्न घेतला आहे कीं, अन्नावांचून प्राण जावयाची वेळ आलेल्या मनुष्यानें दुसऱ्याची वस्तु घेतली तर ती चोरी होय काय? ती चोरी नव्हे, असा त्याचा निर्णय आहे. आधारास त्यानें मिलानचा बिशप अँब्रोज याचें म्हणून एक वचन दिलें आहे. त्याचा आशय असा कीं, धनिकानें गरजेपलीकडे अडवून ठेविलेलें धान्य, वस्त्र व द्रव्य मुळांतच भुकेल्याच्या, उघड्याच्या व नाडलेल्याच्या हक्काचें असतें. हें वचन अक्विनसानें ग्रेशिअन याच्या 'डेक्रेटम' ग्रंथांतून घेतलें. इ. स. ११४० च्या सुमाराचा हा ग्रंथ म्हणजे आपल्याकडील धर्मनिबंधांसारखा पूर्ववचनांचा संग्रहच होय. तेथेंहि कर्ता म्हणून अँब्रोजचेंच नांव आहे.

परंतु माग आणखी मागें नेला असतां निराळाच कर्ता हातीं लागतो. तें वचन कैसरियाच्या बेसिलचें असून, ल्यूकच्या शुभवर्तमानांतील कोठारें पाडून मोठीं बांधूं पाहणाऱ्या धनिकाच्या दृष्टांतावर त्यानें जें ग्रीक प्रवचन केलें त्यांतील तें आहे. बेसिलचीं कांहीं प्रवचनें रुफिनस यानें चौथें शतक संपण्याच्या सुमारास लॅटिनांत उतरविलीं, व त्या भाषांतरांतून तें पश्चिमेकडे गेलें. अँब्रोजनें नाबोथाच्या कथेवर जो ग्रंथ लिहिला त्यांत बेसिलच्या प्रवचनांची छाया स्पष्ट दिसते. यामुळें संग्राहकांची गल्लत झाली असावी. मौजेची गोष्ट अशी कीं, अक्विनसानेंच त्याच ग्रंथांत दानधर्माच्या प्रकरणीं (प्रश्न ३२) हें वचन बेसिलच्या नांवानें दिलें आहे, आणि चोरीच्या प्रकरणीं (प्रश्न ६६) तेंच अँब्रोजच्या नांवानें दिलें आहे!

आतां कोणी म्हणेल, नांव कोणाचेंहि असो, वचन खरें असलें म्हणजे झालें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वचन कोणत्या प्रसंगीं निघालें व बोलणाऱ्यानें स्वतः काय केलें, हें कळल्यावांचून त्याचें वजन कळत नाहीं.

बेसिल हा इ. स. ३३० च्या सुमारास कप्पदोकिया प्रांतांत श्रीमंत कुळांत जन्मला. कैसरिया म्हणजे हल्लींच्या तुर्कस्तानांतील कायसेरी. अथेन्स येथें त्याचें अध्ययन झालें. तो ३७० मध्यें बिशप झाला व ३७९ मध्यें वारला. बिशप होण्यापूर्वीं, ३६९ च्या सुमारास, त्या प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. या प्रसंगास तीन प्रकारचीं प्रमाणें मिळतात, व त्यांची योग्यता सारखी नाहीं.

पहिलें प्रमाण त्याचीं प्रवचनें. दुष्काळावरील प्रवचनांत कोरडा गेलेला हिवाळा व भेगाळलेली जमीन यांचें वर्णन आहे. प्रार्थनेस मोठीं माणसें येत नाहींत, तीं व्यापारांत गुंतलेलीं आहेत. येतात तीं शाळेंतील मुलें, आणि त्यांस पंतोजीच्या जाचांतून सुटका झाल्याचाच आनंद, अशी त्याची तक्रार आहे. आमचें आयुष्य शाळेंतच गेल्यामुळें या साक्षीवर आमचा तत्काळ विश्वास बसला! कोठारांवरील प्रवचनांत, उपासमारीमुळें पोटच्या मुलांपैकीं कोणास विकावें या विचारानें तळमळणारा बाप त्यानें उभा केला आहे. त्याच्या तोंडचा शब्द कठोर कां, हें तेथें उलगडतें.

दुसरें प्रमाण त्याचा मित्र नाझिआन्झसचा ग्रेगरी याचें मृत्यूनंतरचें गुणवर्णनपर भाषण. शहर समुद्रापासून दूर, बाहेरून धान्य आणणें दुर्घट, आणि सांठेवाले भाव चढण्याची वाट पाहत बसलेले, अशी स्थिति तो सांगतो. बेसिलनें केवळ उपदेशानें त्यांचीं कोठारें उघडविलीं, भुकेल्यांस एकत्र जमविलें, कढया चढविल्या व स्वतः वाढलें, असें त्याचें म्हणणें. मित्राची स्तुति म्हणून रुपयांतले चार आणे वजा करावे. परंतु ऐकणाऱ्यांत तो दुष्काळ पाहिलेले लोक असणारच, तेव्हां सगळें रचलें असें म्हणतां येत नाहीं. त्यानें वडिलार्जित संपत्ति गरिबांसाठीं वेंचली, असें त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरीहि सांगतो.

तिसरें प्रमाण आमच्या मतें सर्वांत बळकट. बेसिलनें शहराबाहेर वाटसरू, रोगी व निराधार यांसाठीं मोठी वास्तु उभारली. पुढें तिला बेसिलियास म्हणूं लागले. सुमारें ३७२ मध्यें प्रांताधिकारी एलियास यास लिहिलेल्या पत्रांत तो या बांधकामाचें समर्थन करतो, व वैद्य, शुश्रूषा करणारे, ओझ्याचीं जनावरें यांचा उल्लेख करतो. कोणी चुगली केल्याशिवाय असें पत्र लिहिण्याची पाळी येत नाहीं. विरोधकांच्या कुरकुरीनेंच संस्थेची साक्ष दिली आहे.

यावरून आम्ही असें समजतों कीं, बेसिलचें वचन हा अलंकार नव्हे. आपल्या शास्त्रपरिभाषेंत सांगावयाचें तर तो दानाची भाषा सोडून ऋणाची भाषा बोलतो. शतपथ ब्राह्मणांत देव, ऋषि व पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेंहि ऋण सांगितलें आहे, आणि तें आश्रय व अन्न देऊन फिटतें. या दोन परंपरांत देवघेव झाली असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं; संस्कृतज्ञ वाचकांस मुद्दा चटकन कळावा एवढाच हेतु. दान न देणारा कृपण ठरतो, ऋण न फेडणारा अपराधी ठरतो. हा फरक घेऊनच अक्विनसानें भुकेल्यास चोरीच्या आरोपांतून मोकळें केलें.

हा विचार पोथ्यांतच राहिला असेंहि नाहीं. इ. स. १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पृथ्वीवरील संपत्ति सर्व मानवांच्या व सर्व राष्ट्रांच्या उपयोगासाठीं आहे असें घोषित केलें, तेव्हां टिपेंत याच कोठारांवरील प्रवचनाचा आधार दिला, आणि तो बेसिलच्या नांवानें दिला. ज्या कर्त्याचें नांव एका थोर ग्रंथांतहि चुकलें होतें, त्यास त्याचें श्रेय येथें यथास्थित पोंचलें.

अँब्रोजच्या नांवाखालीं तें एक शास्त्रवचन होतें. बेसिलच्या नांवाखालीं त्याच्यामागें एक दुष्काळ, चढविलेल्या कढया व शहराबाहेरची ती वास्तु उभी राहते. पोथीच्या कडेला लिहिलेलें कर्त्याचें नांव ताडून पाहण्याचे श्रम व्यर्थ जात नाहींत, तें यासाठींच.