काचेच्या पेटीतलं जंगल

दिल्लीच्या फ्लॅटमध्ये मी आजवर तीन नेचे मारलेत. एसीखाली पानांच्या कडा करपायच्या, मी आणखी पाणी ओतायचो, आणि मुळं कुजायची. खरी उणीव हवेतल्या ओलाव्याची होती.

नेचे मरण्याचं हेच दुःख लंडनच्या डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांना होतं. तिथे कारण कोळशाचा धूर. १८२९च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत, बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं राहू द्या, मातीतून नेचा आणि गवत उगवलं! दिवसा वाफ काचेवर जमायची, थेंब होऊन परत मातीत उतरायची. १८३३मध्ये अशा काचबंद पेट्या जहाजाने सिडनीला गेल्या. परतीच्या वाटेवर डेकवर बर्फ पडलं, विषुववृत्ताचं ऊन लागलं, तरी आतली रोपं जगली.

मग इंग्लंडच्या दिवाणखान्यांत या पेट्यांची फॅशनच आली. पण मला ही पेटी निव्वळ शोभेची वाटत नाही. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून, गुपचूप, चहाची रोपं तिच्यातूनच हिमालयाच्या पायथ्याशी आणली. अँडीजचा सिंकोना १८६१मध्ये असाच उटीला पोचला. मार्कहॅमची रोपं मात्र प्रवासातल्या उकाड्याने गेली. चिनी मक्तेदारीला सुरुंग लागला, आणि मळ्यांवर राबायला आपलेच मजूर.

चौथा नेचा मी बरणीत लावलाय. सकाळी काचेवर दव दिसतं. पाणी महिनाभर घातलेलं नाही.