सतरा अणूंचे कडे

कस्तुरी मृगाच्या नाभीत असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. खरे पाहता ती फक्त नराच्या पोटाखालच्या एका ग्रंथीत असते; आणि ती काढायची म्हणजे बहुधा त्याचा जीवच घ्यायचा.

पण त्या वासात आहे तरी काय? वालबाउमने १९०६ साली कस्तुरीतून 'मस्कोन' हे सुगंधी द्रव्य वेगळे काढले. जवादी मांजरापासून मिळणारे 'सिव्हेटोन' १९१५ मध्ये हाती आले. घोडे अडले ते पुढेच. यांची घडण काही उलगडेना!

त्याचे असे झाले. बायरने १८८५ मध्ये सांगून ठेवले होते की, कार्बन-अणूंचे कडे पाचसहा अणूंचे असले तरच सुखाने टिकते. मोठ्या कड्यावर ताण येतो. बायर म्हणजे १९०५ च्या नोबेलचा मानकरी. मग मोठ्या कड्यांच्या वाटेला कोण जातो, सांगा बरे!

स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या रुझिच्काने १९२६ मध्ये दाखवून दिले की, सिव्हेटोन हे चक्क सतरा कार्बन-अणूंचे कडे आहे, आणि मस्कोन पंधरांचे. बायरने कडे सपाट धरले होते. मोठे कडे मात्र साखळीसारखे दुमडते, म्हणून ताण नाही. १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा रुझिच्काला मिळाला, तो देताना या कामाची दखल घेतली गेली.

पुढे प्रयोगशाळेत मस्कोन तयार होऊ लागले. तरी चोरटी शिकार चालूच आहे, कारण पारंपरिक औषधांना अस्सल कस्तुरीच हवी असते. आणि फासा काही नर-मादी ओळखत नाही. कस्तुरी नसलेल्या माद्या नि पाडसेही त्यात सापडतात.