चिनी चहाचे तबक आणि गांधीजींचा चहाविचार

सेवाग्रामच्या जीवनपद्धतीचे वर्णन करताना गांधीजींचा चहाला विरोध होता, एवढेच विधान बहुधा केले जाते. ते अपुरे आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळील शेगावी राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची चावी’ ही पुस्तिका लिहिली. शरीराला चहाची गरज नाही, हे सांगूनही तीत त्यांनी चहाच्या दोन कृती वेगळ्या केल्या आहेत. गाळणीतील थोड्या पत्तीवर उकळते पाणी ओतून सोनेरी रंगाचा घेतलेला चहा निरुपद्रवी; सर्रास केला जाणारा, टॅनिन उतरलेला चहा मात्र अपायकारक. पहिली कृती चीनची असून पाणी खरोखर उकळले की नाही, हे पारखण्यासाठी ती निघाली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चिनी चहापात्रांच्या इतिहासाशी ते ताडून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

आठव्या शतकात लू यू याने चहावर जो ग्रंथ रचला, त्यात चहाची वडी भाजून, कुटून, किंचित मीठ घातलेल्या पाण्यात उकळण्याची रीत आहे. सुंग काळात चहाची पूड वाडग्यात घुसळीत. १३९१ साली मिंग सम्राट हुंगवू याने वड्यांच्या रूपातील चहाचा नजराणा बंद करविला. त्यानंतर सुट्या पत्तीवर पाणी ओतण्याची रीत रूढ झाली. तेव्हा पाण्याच्या परीक्षेतून चहा निघाला, हे मत इतिहासाला धरून नाही, असेच म्हणावे लागते.

तबकाचा संबंध या उत्तरकालीन रीतीशी आहे. फूच्येन प्रांतात व चावचौ परिसरात लहान चहादाणीत भरपूर पत्ती घालून क्षणभरात चहा ओतून घेतात आणि त्याच पत्तीवर पुनःपुन्हा पाणी घालतात. १७८६ साली वूई पर्वतावर गेलेल्या युआन मेइ या साहित्यिकाने तेथील अक्रोडाएवढ्या पेल्यांची नोंद केली आहे. चहादाणी तापविण्यासाठी तिच्यावरूनही पाणी ओततात, आणि पहिले धुवण टाकून देतात. हे पाणी झेलण्यासाठी आरंभी खोलगट ताटली व पुढे छिद्रांचा वरचा भाग आणि पाणी साठविणारा तळ असे दुहेरी तबक प्रचारात आले. चिनी मातीत ते घडविणे सोपे नाही. चिंगदेचेनच्या भट्ट्यांत सुमारे १३०० अंश सेल्सियस उष्णतेवर माती आकसते; गोल पेला आकार टिकवितो, पण सपाट पृष्ठ वाकते आणि छिद्रांपाशी तडकते.

आपल्याकडील प्रघात निराळा. वर्धा जिल्ह्यातही चहा दूध-साखर घालून पातेल्यात उकळतात व गाळून कपबशीत देतात. येथे बशी चहा निववते, आणि तबक केवळ कप वाहून नेते. सांडलेले पाणी झेलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पात्रांचे रूप सारखे दिसले तरी त्यांचे कार्य कृतीवरून ठरते. केवळ चिनी मातीची भांडी आढळली म्हणून चिनी रीतही आली, असे अनुमान काढता येणार नाही.

सारांश, गांधीजींची उत्पत्तिकथा टिकत नाही. परंतु त्यांनी केलेला कृतिभेद यथार्थ आहे. पत्तीचा पाण्याशी संपर्क जितका दीर्घ, तितका तुरटपणा अधिक, आणि चिनी तबक हे त्या अल्प संपर्काचेच साधन होय. त्यांचा मुख्य आक्षेप कृतीवर होता. वस्तूच्या परकेपणावर नव्हे. सेवाग्रामच्या आहारविचाराचा अभ्यास करताना हा विवेक राखणे आवश्यक आहे.