मत्स्यविनोद आणि भांगाचा दिवस

भरती-ओहोटीची वेळ घड्याळात न पाहता तिथीवरून सांगणारी माणसे वसईच्या किनाऱ्यावर अजून आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. खाडीचे पाणी खाजणाच्या बांधाला जाऊन भिडते आणि त्या ओढीबरोबर मासाही हलतो. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींशी काटकोनात पडते, भरती-ओहोटीतले अंतर घटते आणि पाणी जागच्या जागी थबकल्यासारखे दिसते. किनाऱ्यावरची माणसे या दिवसांना 'भांग' म्हणतात. हौसेने गळ टाकणाऱ्याने भांगाच्या दिवशी खाडीत जाऊ नये, असा जाणत्यांचा सल्ला असतो. तो न मानता नाताळच्या सुट्टीत मी आणि माझे मेहुणे एका लहान होडीतून वसईच्या खाडीत गेलो होतो.

होडी पाचूबंदरच्या एका वृद्ध कोळ्याची. पांजू बेटाच्या अलीकडे त्याने नांगर टाकला, कुटलेली करंदी मूठमूठ पाण्यात सोडली आणि तो वल्ही आत ओढून स्वस्थ बसला. मेहुण्यांच्या मनात जिताडा होता. निदान बोईट तरी. तीन तासांत लागला तो वीतभर शिंगाळा. त्याचा काटा सांभाळून त्याला परत पाण्यात सोडले. किनाऱ्यावरच्या चिखलात निवट्या तेवढ्या उड्या मारीत होत्या.

वेळ जाईना, तेव्हा मेहुण्यांनी थट्टेचा विषय काढला. "तुमच्या मुखेडात मासेमारी कुठली हो, भाऊजी? तिथे नदीच मुळी चार महिन्यांची पाहुणी!"

नोकरीच्या निमित्ताने माझी बरीच वर्षे नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे गेली आहेत. तिथे समुद्र नाही, खाडी नाही, हे खरेच. पण मी उत्तर दिले, "हौसेच्या मासेमारीवर आपल्याकडे एका राजाने नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, आणि तो राजा तुमच्या वसईचा नव्हे, आमच्या बाजूचा. कल्याणीचा."

"कल्याणचा? म्हणजे आपल्याच खाडीचा की!" मेहुणे म्हणाले.

त्यांची चूक स्वाभाविक होती. उल्हास नदी कल्याणवरून येते, ठाण्याजवळ दुभंगते आणि तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून याच खाडीने अरबी समुद्राला मिळतो. परंतु राजाची कल्याणी वेगळी. ती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मुखेडहून उदगीरमार्गे जावे इतके जवळचे. उत्तरकालीन चालुक्यांची ती राजधानी. मुखेडचे दशरथेश्वर महादेवाचे शिल्पसमृद्ध मंदिर त्याच चालुक्य परंपरेतले मानले जाते.

सहावा विक्रमादित्य या बलाढ्य चालुक्य राजाचा पुत्र तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात कल्याणीच्या गादीवर होता. रणांगणापेक्षा ग्रंथात रमणाऱ्या या राजाने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. 'अभिलषितार्थचिंतामणि' हे त्याचे दुसरे नाव. प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच 'विंशती', असे एकूण शंभर अध्याय. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, उपभोगावे कसे, अशा क्रमाने ग्रंथ पुढे सरकतो. मराठी माणसाला तो आणखी एका कारणाने आपला वाटतो: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही जुनी नोंद याच ग्रंथात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची चौथी विंशती राजाच्या विनोदांची, म्हणजे मनोरंजनाची आहे. मल्लांची कुस्ती, कोंबड्यांची झुंज, ससाण्याची शिकार, गीत, वाद्य, नृत्य, कथा यांच्या पंगतीत तिथे 'मत्स्यविनोद' येऊन बसतो. जाळे टाकून टोपल्या भरण्याची ही विद्या नव्हे. काठी, दोरी, गळ आणि आमिष घेऊन एकेका माशाशी झुंजण्याचा हा खेळ आहे. सोमेश्वर समुद्रातल्या आणि नद्यांतल्या पस्तीस माशांची नावे देतो. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान, अशी त्यांची विभागणी करतो. कोणता मासा पिठाच्या गोळ्याला भुलतो आणि कोणता मांसाकडे धावतो, हेही सांगतो. माशांना आधी खाऊ घालून जागेची सवय लावावी आणि मगच गळ टाकावा, हे तर आमच्या होडीवाल्याच्या मूठभर करंदीचेच शास्त्र!

प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर लेख लिहिला आणि त्यातील मासे आजच्या शास्त्रीय नावांशी ताडून पाहण्याचा यत्न केला. त्यामुळे जगाच्या ध्यानात आले की इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचे पहिले पुस्तक छापले गेले १४९६ साली, आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ आला १६५३ साली, आणि कल्याणीचा राजा या दोघांच्याही कित्येक पिढ्या आधीचा. तरीही गळ टाकून बसणे ही साहेबांनी आणलेली हौस, असा आपला समज आहे. त्याला कारणही आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि ते साहेबांच्या बंगल्याबंगल्यांत पोहोचले. सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास बंदी घालणारा १८९७चा कायदाही त्याच काळातला. आपला ग्रंथ मात्र पोथ्यांच्या बासनात पडून होता.

एवढे ऐकल्यावर मेहुणे खुलले. होडीवाला मात्र काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने मला विचारले, "त्या राजाला माशांचे खाणे कोणी सांगितले?"

मी निरुत्तर झालो. ग्रंथ राजाच्या नावावर आहे; परंतु कोणता मासा काय खातो, हे राजवाड्यात बसून कळत नाही. रोज पहाटे पाण्यावर जाऊन मासे चारणारी, दोर वळणारी, गळ घडवणारी माणसे राजाच्या पदरी असलीच पाहिजेत. पस्तीस मासे त्यांनीच ओळखून दिले असतील. त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. राजाने ज्ञान जपले, हे त्याचे मोठेपण. ते ज्यांच्या हातांतून आले ते हात लेखणीत उतरले नाहीत, हे इतिहासाचे उणेपण. गड-किल्ल्यांच्या बाबतीतही आपण हेच करतो. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकली, हे शाळकरी मूलही सांगते. त्या दोनशे पाच वर्षांत या खाडीच्या मुखाशी होड्या कोणी वल्हवल्या, हे कोण सांगणार?

"आज तुम्ही भाडे दिलेत म्हणून मी तुमच्याबरोबर बसलो आहे," होडीवाला म्हणाला. "एरवी भांगाच्या दिवशी मी घरी जाळी दुरुस्त करतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ज्या निवांतपणाचे आम्ही कौतुक करीत होतो, तो त्याच्या हिशेबात बिनकमाईचा दिवस होता, हे मला त्या वेळी प्रथमच उमगले. शुभवर्तमानात मासेमारीचे प्रसंग किती आहेत! बहुतेक ठिकाणी जाळे आहे, रात्रभराचे कष्ट आहेत. गळाचा उल्लेख संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात आढळतो. आणि तिथेही पेत्र गळ टाकतो तो विरंगुळा म्हणून नव्हे, तर मंदिराचा कर भरायचा आहे म्हणून.

सुट्टी संपवून मी मुखेडला परतलो. इथल्या माणसाला पाणी दोन टोकांच्या रूपांत ठाऊक आहे: उन्हाळ्यात ते नसते, आणि कधी येते ते घरात शिरते. ऑगस्ट २०२५च्या अतिवृष्टीत तालुक्यातील हसनाळसारख्या गावांनी ते भोगले. लेंडी आणि मन्याड या इथल्या नद्या मांजरेला मिळतात, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी दूर आंध्रात कोरिंगाच्या खारफुटीजवळ बंगालच्या उपसागराला. म्हणजे मुखेडच्या पाण्यालाही शेवटी खाडीच लाभते. फक्त ती आपल्या दृष्टीआड, पूर्वेला असते.

पावसाळा ओसरल्यावर एका रविवारी लेंडीकाठी दोन मुले दिसली. तुराटीला सुताचा दोरा, दोऱ्याला वाकवलेली टाचणी आणि टाचणीला कणकेची गोळी. मी शेजारी बसलो आणि त्यांना सांगितले की, पिठाच्या गोळीची ही युक्ती शेजारच्या कल्याणीच्या एका राजाने पोथीत लिहून ठेवली आहे.

थोरल्याने पाण्यावरची नजर न काढता विचारले, "मग राजाला घावला का मासा?"

धाकटा म्हणाला, "हळू बोल. पळतील."

आम्ही तिघेही गप्प बसलो.