पटांगणावरचा सूर : पेटीपासून कॅसिओपर्यंत

मित्रहो, प्रार्थनेच्या मध्येच वीज गेली की काय व्हायचं, आठवतं? माइक मुका व्हायचा; पण गुरुजींचा हात भात्यावर चालूच असायचा आणि पेटीच्या मागोमाग आपण गात राहायचो. या मेळाव्यात शाळेला नवं वाद्य भेट द्यायचं घाटत आहे, म्हणून हा थोडा इतिहास.

हार्मोनियम जन्मली 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये. ती टेबलासारखी, पायाने हवा भरायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताच्या भात्याची पेटी केली. ती मांडी घालून वाजवता येई, एकट्याला उचलता येई. भजन, कीर्तन, नाटक सगळीकडे ती पोचली. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली. 1971 मध्ये ती शिथिल झाली. गावांनी मात्र पेटी कधी सोडलीच नाही.

मंचरहून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की विठाबाईंचं नारायणगाव, तमाशाची पंढरी. ढोलकी-तुणतुण्याच्या फडात पुढे पेटी आली, मग की-बोर्ड. कॅसिओ कंपनीने पहिला की-बोर्ड 1980 मध्ये काढला आणि आपल्याकडे वाद्याचंच नाव ‘कॅसिओ’ पडलं. फरक एवढाच, की पेटीची हवा वाजवणाऱ्याच्या हातात असते. कॅसिओला वीज लागते. मोठे फड जनरेटर बाळगतात. शाळेने काय करावं?

सेलवरही चालणारा, पाच सप्तकांचा हलका की-बोर्ड घ्यावा. ट्रान्सपोजची सोय हवी, म्हणजे मुलांच्या गळ्याला झेपेल ती पट्टी धरता येईल. त्याचे अंगचे स्पीकर वर्गात पुरतात, पटांगणात नाही. उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात. अंतर दुप्पट झालं की तो साधारण 6 डेसिबलने उतरतो. कर्णा लांब पोचतो, पण खालचे सूर गिळतो. म्हणून चार्जिंगच्या बॅटरीचा स्पीकर स्टँडवर, मुलांच्या डोक्यांच्या वर ठेवावा. जोडणी तारेनेच करावी. ब्लूटूथवर सूर किंचित उशिरा येतो आणि ताल चुकतो.

पैसे देण्याआधी पटांगणात वाजवून बघू. आपल्यापैकी एकाने शेवटच्या रांगेच्या जागी उभं राहावं; तिथे सूर स्पष्ट आला तरच घ्यावं.

आणि जुनी पेटी मोडीत काढू नये. तिचा भाता दुरुस्त करून घेऊ. बॅटरी उतरेल त्या सकाळी तीच कामाला येईल.