त्र्यंबकचा मुलगा आणि चित्रांचे बाड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. मुंबईच्या गाडीची वाट पाहत एक मुलगा किंवा मुलगी उभी असते. काखेत भलेमोठे काळे फोल्डर असते आणि शेजारी पिशवी सांभाळणारे वडील असतात. फोल्डरला पावसाचा थेंब लागू नये म्हणून वडिलांनी स्वतःची छत्री त्याच्यावर धरलेली असते. पोर्टफोलिओ हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे. पूर्वी आम्ही त्याला नुसते ‘चित्रांचे बाड’ म्हणायचो. कलामहाविद्यालयाचे दार या बाडाने उघडते, असे मुलांना वाटते. ते खरे आहे का आणि या बाडात नेमके काय असावे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ. सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू.

30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला एका शास्त्र्याच्या घरात मुलगा जन्मला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलानेही पोथी हाती धरावी, अशी त्या घराची रीत. वडिलांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब तिकडे गेले आणि 1885 मध्ये हा पंधरा वर्षांचा मुलगा सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण शिकला, प्रतिकृती घडवायला शिकला. हेच आपले दादासाहेब फाळके.

त्यांनी ज्या शाळेत पाऊल ठेवले ती तेव्हा तीस वर्षांचीही नव्हती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. आजच्या आवारातील इमारत 1878 ची. इथल्या शिक्षणाचा आराखडा लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर बेतलेला होता. आधी सपाट नमुन्यांवरून रेघ गिरवायची, मग भूमिती, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश आणि त्यानंतर जिवंत माणूस. हात आणि डोळा दोन्हींना शिस्त लावायची, हा त्यामागचा विचार. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती. इथल्या मुलांनी ग्रीक पुतळ्यांची नाके का रेखाटायची, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण शिस्तीचा भाग मात्र टिकला.

तो टिकला तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांमुळे. हा शब्द ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी अनेकांना पॅड, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि रविवारी सकाळी भरणारा जादा तास आठवला असेल. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय घेऊन या परीक्षांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या शाळांत चित्रकलेला वेळापत्रकात जागा मिळवून दिली. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेतला मुलगा आणि कॉलेज रोडवरची मुलगी एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसू शकतात, हे काही थोडके नाही. आज राज्यात बी.एफ.ए.साठी जी सामायिक प्रवेश परीक्षा होते, तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असेच विषय आहेत. म्हणजे बाड कितीही जड असले तरी त्या दिवशी कोऱ्या कागदासमोर एकट्यानेच बसायचे असते. इतर राज्यांतील, खासगी आणि परदेशी संस्थांपैकी अनेक जण मात्र पोर्टफोलिओ आवर्जून पाहतात आणि त्यावर मुलाखत घेतात.

मुलाखतीत काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे. बारावीनंतर एका संस्थेत मी पंचवीस चित्रे घेऊन गेलो होतो. गणपती, हिमालय, घोडे, गजरा माळलेली स्त्री. रंगकाम स्वच्छ, कडा सरळ. समोरच्या वयस्क परीक्षकांनी सगळी चित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, ‘यातले तुझे कोणते?’ मला प्रश्नच कळला नाही. सगळी माझ्याच हातची होती. पण सगळी कॅलेंडरांवरून आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून उतरवलेली होती. मग त्यांनी गाव विचारले. नाशिक म्हटल्यावर घर कुठे ते विचारले. तांबट आळीजवळ, असे मी सांगितले. ते म्हणाले, ‘तांबट भांडे ठोकताना कसा बसतो, ते काढून दाखव.’ जन्मल्यापासून ज्या ठोक्यांनी मला रोज जाग येत होती, तो माणूस मला काढता आला नाही. त्याचा डावा हात काय करतो, हेच मला ठाऊक नव्हते. प्रवेश मिळाला नाही. यात त्या परीक्षकांची काहीच चूक नव्हती.

घरी आल्यावर वडील काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले, याचेच मला जास्त वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी आळीत जाऊन बसलो. ‘काका, बसू का इथे?’ एवढेच विचारले. काका म्हणाले, ‘बस की, पण हातोड्याकडे बघू नकोस, भांड्याकडे बघ.’ तेव्हा पहिल्यांदा दिसले. हातोडा पुन्हा पुन्हा जवळजवळ एकाच जागी पडतो. फिरते ते भांडे, आणि ते फिरवतो डावा हात. वर्षभरात चार वह्या भरल्या. पुढच्या वर्षी मी त्या वह्याच घेऊन गेलो.

अशा बाडाची एक जुनी आणि फार सुंदर गोष्ट महाराष्ट्रात आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावात 1891 मध्ये विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती घडवण्याची परंपरा. या मुलाने गावातल्या एका भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने हा मुलगा जे. जे. स्कूलमध्ये पोहोचला. एक भिंत, एक चित्र. तोच त्याचा अर्ज आणि तीच शिफारस. पुढे त्याच हातांनी घडवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1928 मध्ये पुण्यात उभा राहिला. मात्र ही गोष्ट सांगताना एक भान ठेवले पाहिजे. प्रत्येक भिंतीसमोरून असा कलेक्टर जात नाही. भिंती रंगवणारी किती मुले कुणाच्याच नजरेला पडली नसतील! अर्ज, परीक्षा, पोर्टफोलिओ ही व्यवस्था कंटाळवाणी वाटली तरी तिचे मोल इथे आहे. ज्याच्या वाटेवर कुणी रॉथफिल्ड येत नाही, त्यालाही ती आपले काम दाखवण्याची संधी देते. म्हणूनच क्लासवाल्यांनी दिलेली ठरावीक दहा चित्रे बाडात भरणे, म्हणजे ती संधी हातची घालवणे होय. एकाच क्लासची वीस मुले एकसारखी चित्रे घेऊन येतात, तेव्हा परीक्षकाला त्यात मुलगा दिसत नाही. क्लास दिसतो.

मग काय ठेवावे? पंधरा-वीस कामे पुरेत, पण मूळची आणि प्रत्यक्ष पाहून केलेली. माणसांची झटपट रेखाटने हवीत, हात आणि पावले हवीत. एखादी वस्तू चार बाजूंनी आणि चार वेळच्या प्रकाशात केलेली हवी. नाशिककराला विषयांचा तोटा नाही. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, नारोशंकराच्या देवळाची घंटा, जुन्या वाड्यांचे कोरीव खांब, पांडवलेण्यांची चढण. ज्येष्ठ चित्रकार शिवाजी तुपे यांनी याच परिसराला जलरंगांत कसे पाहिले, ते मुलांनी जरूर पाहावे. पाहावे, पण उतरवू नये. फसलेले चित्र आणि त्यानंतर सुधारलेले चित्र शेजारी शेजारी ठेवायला लाजू नये. प्रत्येक कामामागे तारीख घालावी. कच्ची वही सोबत न्यावी, कारण पुष्कळदा बाडापेक्षा तीच जास्त बोलते. संगणकावरून पाठवायचे असेल, तर चित्रांचे फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ धरून काढावेत. अर्जातील स्वतःविषयीच्या टिपणात ‘मला लहानपणापासून कलेची आवड आहे’ हे वाक्य टाळावे. त्याऐवजी काय पाहिले आणि ते काढताना कुठे अडले, हे चार साध्या ओळींत लिहावे. आणि कोऱ्या कागदासमोर ठरलेल्या वेळेत बसण्याचा सराव रोज ठेवावा, कारण प्रवेश परीक्षेत वही कामाला येत नाही. तिने शिकवलेले डोळे मात्र कामाला येतात.

शेवटी पुन्हा फाळक्यांकडे येतो. 1912 मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांना भांडवल हवे होते. हिंदुस्थानात चित्रपट काढता येईल, यावर पैसे लावायला कोण तयार होणार? नुसत्या शब्दांवर कुणाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा या चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यावर रोखून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराहून अधिक काळ हे चालले. त्यातून रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवणारा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. तो निवडक लोकांना दाखवल्यावर कर्ज मिळाले आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात झळकला. माझ्या मते तो वाटाणा हा आपल्या मातीतला सर्वोत्तम पोर्टफोलिओ आहे. त्यात ना राजा होता, ना भव्य देखावा. घरातली एक साधी गोष्ट, तिच्याकडे रोज पाहण्याची चिकाटी आणि आपल्याला हे जमते याचा पुरावा, इतकेच त्यात होते.

तेव्हा यंदा बसस्थानकावर फोल्डर घेऊन उभी असलेली मुले दिसली, तर त्यांना शुभेच्छा जरूर द्या. ओळखीची असतील, तर आत काय आहे तेही विचारा. आणि तुमच्या घरात पुढच्या वर्षी जाणारे कुणी असेल, तर त्याला महागड्या रंगपेटीआधी एक साधी वही आणून द्या आणि ती घेऊन बाहेर बसायला वेळ द्या. तांबट आळीतले ठोके आता पूर्वीसारखे दिवसभर ऐकू येत नाहीत. ते पुरते थांबण्याआधी कुणीतरी तिथे वही घेऊन बसायला हवे.