माळवदाखालचा उजेड

फ्लॅशचा जन्म धुरात झाला. १८८७ साली जर्मनीत मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पेटवून फोटोपुरता उजेड केला. पुढे बल्ब आले. एका फोटोला एक बल्ब खर्ची पडे. होमाई व्यारावालांनी स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली अशीच टिपली.

आता मिररलेस कॅमेऱ्यावरचा फ्लॅश खिशात मावतो. दुकानदार ताकद सांगतो. मी म्हणतो, आधी त्याची मान वळते का ते बघा. बीडकडच्या माळवदाच्या घरात वरचे लाकूड धुराने काळे, उजेड गिळणारे. चुन्याची भिंत मात्र तो मऊ करून परत देते. तरणी माणसे ऊसतोडीला गेली की त्या घरांत म्हातारीच उरतात. समोरून फ्लॅश मारला, तर त्यांच्या सुरकुत्या पांढऱ्याफटक होतात. भिंतीवरून आलेल्या उजेडात कपाळावरचे गोंदणही दिसते.